झटपट वजनघट : उतरते खरे, पण टिकते का?

घरात लग्नकार्य ठरते, वार्षिक वैद्यकीय तपासणीचा अहवाल हाती येतो किंवा दिवाळीनंतर एके सकाळी नेहमीची पँट कमरेला बसेनाशी होते, आणि मनात संकल्प मूळ धरतो : ‘पंधरा दिवसांत पाच किलो उतरवायचेच!’ मग कोणी केवळ फळांवर राहतो, कोणी कोबीच्या सूपवर दिवस काढतो, कोणी लिंबू-मधाच्या पाण्यावर तहान-भूक दोन्ही भागवतो. डब्यातली पोळी-भाजी सहकाऱ्यांना वाटली जाते. काटा खरोखरच खाली येतो. ‘बारीक झालात हो!’ अशी दाद मिळते. ठरलेले दिवस संपतात, नेहमीचे जेवण सुरू होते आणि पाच-सहा महिन्यांत काटा हळूहळू मूळपदावर येतो. पुष्कळदा एक-दोन किलो पुढेच जातो. मागे उरते ती खंत : ‘माझाच निश्चय कमी पडला.’

अत्यल्प उष्मांकांच्या, थोड्या मुदतीच्या अशा आहाराला ‘क्रॅश डाएट’ म्हणतात. त्याचे आमिष नवे नाही. पूर्वी ते साप्ताहिकांच्या जाहिरातींतून येई, आता मोबाइलच्या पडद्यावरून येते. प्रश्न मात्र तोच आहे. अशा आहाराने उतरलेले वजन कायमचे उतरते का? आणि उतरत नसेल, तर दोष माणसाच्या निश्चयाचा की उपायाचा? गेल्या ऐंशी वर्षांतील शास्त्रीय प्रयोगांनी या प्रश्नांवर पुष्कळ प्रकाश टाकला आहे. ज्यांनी दर वर्षी नवा संकल्प करून दर वर्षी स्वतःला दोष दिला आहे, त्यांनी तर तो जरूर समजून घ्यावा.

पहिल्या पंधरवड्याचा हिशेब

शरीरातील एक किलो मेद कमी होण्यासाठी ढोबळमानाने ७,७०० उष्मांकांची तूट पडावी लागते. (येथे उष्मांक म्हणजे व्यवहारात आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो ती.) ज्या व्यक्तीला दिवसाला २,००० उष्मांक लागतात तिने केवळ ८०० उष्मांक घेतले, तर रोजची तूट १,२०० ची आणि पंधरा दिवसांची १८,००० ची होते. भागाकार केला तर कमी झालेला मेद सुमारे २.३ किलो भरतो. काटा मात्र अनेकदा चार-साडेचार किलोंची घट दाखवतो. मग वरचे दोन किलो कोठून आले?

ते मुख्यत्वे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा सुमारे अर्ध्या किलोचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. खाणे तोडले की शरीर प्रथम हा साठा मोडते आणि त्यासोबतचे पाणी लघवीवाटे निघून जाते. आतड्यातील अन्नाचा भारही हलका होतो. नेहमीचे जेवण सुरू होताच साठा पुन्हा भरतो, पाणी परततो आणि दोन-तीन दिवसांत काटा वर सरकतो. जे गेले होते ते मेद नव्हते. म्हणून जे परतले तेही मेद नव्हे. परंतु संकल्प करणाऱ्याचे मन मात्र तेथेच खचते.

उरलेल्या घटीतही सगळा वाटा मेदाचा नसतो. आहारात प्रथिने कमी आणि हालचाल बेताची असेल, तर शरीर स्नायूंनाही हात घालते. उतरलेल्या वजनाचा सुमारे पाव हिस्सा मेदाव्यतिरिक्त इतर ऊतींचा असू शकतो. तरुणपणी हे नुकसान भरून निघते. साठीनंतर गेलेला स्नायू परत मिळवणे कठीण असते. ज्येष्ठ निवृत्तिवेतनधारकाने काही दिवसांत वजन उतरवले आणि त्याबरोबर जिना चढण्याचे बळही गमावले, तर हा व्यवहार तोट्याचाच म्हणावा लागेल.

मिनेसोटातील छत्तीस तरुण

अन्न तोडल्यावर शरीर आणि मन कसे वागते, याचा सर्वांत बारकाईने केलेला अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात अमेरिकेत झाला. युद्धाने उपासमार झालेल्या युरोपीय जनतेला पुन्हा सुदृढ कसे करावे, हे जाणून घेण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठातील शरीरशास्त्रज्ञ अँसेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये हा प्रयोग सुरू केला. नैतिक भूमिकेतून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले ३६ निरोगी तरुण त्यासाठी स्वेच्छेने पुढे आले. विद्यापीठाच्या क्रीडांगणाच्या प्रेक्षागृहाखालील खोल्यांत त्यांचा मुक्काम होता.

पहिले तीन महिने त्यांना दिवसाला सुमारे ३,२०० उष्मांकांचे भरपेट जेवण मिळे. पुढचे सहा महिने ते सुमारे १,५७० वर आणले गेले. ब्रेड, बटाटे, सलगम, कोबी असा साधा आहार, आणि आठवड्याला सुमारे ३५ किलोमीटर चालणे. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आज जाहिरातींतून सुचवले जाणारे अनेक आहार याहूनही तुटपुंजे असतात!

सहा महिन्यांत या तरुणांचे वजन सरासरी सुमारे एक चतुर्थांशाने उतरले. विश्रांतीच्या स्थितीत शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती सुमारे ४० टक्क्यांनी घटली. हातपाय गार पडू लागले, नाडी मंदावली. त्याहून बोलका होता तो मनातील पालट. एरवी हसतमुख असलेली मुले चिडचिडी आणि उदास झाली. त्यांच्या बोलण्यात आणि स्वप्नांत अन्नच येऊ लागले. काहीजण पाककृतींची पुस्तके गोळा करू लागले. ताटे चाटूनपुसून स्वच्छ केली जात.

नंतर जेव्हा हवे तेवढे खाण्याची मुभा मिळाली, तेव्हा पोट भरूनही त्यांची भूक शमेना. काहींचा दिवसाचा आहार नेहमीच्या दुप्पट-तिपटीवर गेला. वजन परतले, पण ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने नव्हे. मेद आधी आणि मूळ प्रमाणाहून अधिक भरला, स्नायू मागाहून सावकाश भरले. पुढे या नोंदींचे पुनर्विश्लेषण झाले तेव्हा असे दिसले, की स्नायू पूर्ववत होईपर्यंत ही अनावर भूक टिकून होती आणि तोवर मेदाची पातळी मूळ रेषा ओलांडून गेलेली होती. कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा सारा वृत्तान्त १९५० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केला.

हे तरुण स्थूल नव्हते, त्यामुळे त्यांच्यावरून काढलेले निष्कर्ष स्थूल व्यक्तीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही एक गोष्ट या प्रयोगाने स्पष्ट केली. उपासानंतरचे अधाशी खाणे हा स्वभावदोष नव्हे. ती शरीराची मागणी असते. आपल्याकडच्या ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ या म्हणीने हे सत्य फार पूर्वी, आणि थोड्या मिस्किलपणे, टिपलेले आहे.

स्पर्धेनंतरची सहा वर्षे

मग स्थूल व्यक्तींच्या बाबतीत काय घडते? याचे उत्तर अनपेक्षितपणे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमातून मिळाले. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी कार्यक्रमात अतिस्थूल स्पर्धक कडक आहार आणि रोज कित्येक तासांचा व्यायाम करून वजन उतरवत. जो सर्वाधिक उतरवील तो विजेता. २००९ मध्ये प्रसारित झालेल्या हंगामातील १४ स्पर्धकांची अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली. हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्पर्धेच्या प्रारंभी या मंडळींचे सरासरी वजन सुमारे १४९ किलो होते. ३० आठवड्यांनी ते ९१ किलोंच्या आसपास आले. म्हणजे सरासरी ५८ किलोंची घट. सहा वर्षांनी ते पुन्हा सुमारे १३२ किलो झालेले होते. गमावलेल्या ५८ किलोंपैकी ४१ किलो परत आले. त्याहून आश्चर्याची बाब अशी, की विश्रांतीच्या स्थितीत त्यांचे शरीर त्यांच्या वजनाच्या आणि वयाच्या मानाने अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० उष्मांक कमी खर्च करीत होते. वजन परतले, पण मंदावलेला चयापचय सहा वर्षांनंतरही पूर्ववत झाला नव्हता.

तथापि या ताळेबंदाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. सहा वर्षांनंतरही ही मंडळी मूळ वजनापेक्षा सरासरी १२ टक्क्यांनी हलकी होती. शिवाय ज्यांनी घट अधिक टिकवली, त्यांचा चयापचयही मंदच होता. म्हणजे केवळ चयापचयाला बोल लावून भागत नाही. २०१७ मध्ये याच गटाविषयी आणखी एक निरीक्षण पुढे आले. वजन टिकवणाऱ्यांनी आपली शारीरिक हालचाल स्पर्धेपूर्वीच्या तुलनेत सरासरी १६० टक्क्यांनी वाढवून ती कायम राखली होती. वजन परत आलेल्यांच्या बाबतीत ही वाढ ३४ टक्केच होती.

भूक विसरत नाही

आपल्या शरीरात भुकेचा कारभार संप्रेरके पाहतात. मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन मेंदूला ‘साठा पुरेसा आहे’ असा निरोप देते, तर जठरातून स्रवणारे ग्रेलिन भूक चेतवते. वजन उतरले की लेप्टिन घटते आणि ग्रेलिन वाढते. हा बदल आहार संपल्यावर लगेच मावळतो का, हे ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील संशोधकांनी तपासले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५० स्थूल व्यक्तींना १० आठवडे अत्यल्प उष्मांकांचा आहार देण्यात आला. त्यांचे वजन सरासरी १३.५ किलोंनी उतरले. वर्षभरानंतर पाहणी केली तेव्हा काही वजन परतले होते आणि भुकेची संप्रेरके मूळ पातळीवर आलेली नव्हती. या व्यक्तींना आहारापूर्वी लागे त्याहून अधिक भूक लागत होती.

हॉल यांच्या गटाने पुढे या भुकेचे मोजमापही मांडले. उतरलेल्या प्रत्येक किलोमागे शरीराचा दैनंदिन खर्च २० ते ३० उष्मांकांनी घटतो. भूक मात्र सुमारे १०० उष्मांकांनी वाढते. पाच किलो उतरलेल्या माणसाला म्हणूनच रोज सुमारे ५०० उष्मांकांचा जादा आग्रह झेलावा लागतो. तो एखाद-दुसरा दिवस परतवता येतो. पण केवळ पंधरा दिवसांची शिदोरी बांधून निघालेला माणूस सोळाव्या दिवसापासून या आग्रहापुढे निःशस्त्र असतो. खंत करणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की हरलेला पक्ष निश्चयाचा नव्हता. पुढची योजनाच आखलेली नव्हती.

दोष वेगाचा की विसराचा?

येथवरच्या विवेचनावरून ‘हळूहळू उतरवलेले वजन टिकते, भराभर उतरवलेले परतते’ असा निष्कर्ष कोणी काढील. ही समजूत सर्वदूर आहे, पण ती तपासून पाहता पूर्णपणे खरी ठरत नाही. मेलबर्नमध्येच झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे २०० स्थूल व्यक्तींचे दोन गट करण्यात आले. एका गटाने १२ आठवड्यांत भराभर, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत सावकाश वजन उतरवले. ठरलेले लक्ष्य गाठणाऱ्यांना पुढे सुमारे तीन वर्षे पाहिले गेले. दोन्ही गटांत उतरलेल्या वजनापैकी सुमारे ७१ टक्के वजन परत आले. सावकाश चालणाराही, मुक्कामावर पोहोचल्यावर जुन्याच वाटेने निघाला तर जुन्याच ठिकाणी पोहोचतो.

याच्या जोडीला ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ या चाचणीचा अनुभव पाहण्यासारखा आहे. मधुमेह होऊन सहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला नाही अशा व्यक्तींना तीन ते पाच महिने दिवसाला केवळ ८२५ ते ८५३ उष्मांकांचा द्रवरूप आहार देण्यात आला. तो वैद्यकीय देखरेखीखाली होता. नंतर नेहमीचे अन्न टप्प्याटप्प्याने सुरू केले गेले आणि दीर्घकाळ मार्गदर्शन मिळत राहिले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभरानंतर ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात आला होता. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्के होते. पुढे पाच वर्षांपर्यंत पाहणीत आणि मार्गदर्शनाखाली राहिलेल्यांत ते १३ टक्क्यांवर आले, कारण बहुतेकांचे वजन हळूहळू वाढत गेले. झटपट घटीचा लाभ खरा होता; आणि तो टिकणे न टिकणे नंतरच्या वर्षांवर अवलंबून होते, हेही तितकेच खरे.

अलीकडे भारतातही उपलब्ध झालेल्या वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांची कथा वेगळी नाही. सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीतील काही रुग्णांना औषध बंद केल्यावर वर्षभर पाहिले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आल्याचे आढळले.

या सर्वांचे सार एका वाक्यात सांगता येईल. वजन उतरवणे हे एक काम आहे आणि उतरलेले टिकवणे हे दुसरे. क्रॅश डाएट पहिले काम तात्पुरते करतो, दुसऱ्याला स्पर्शही करत नाही.

काट्याला न दिसणारी गोष्ट

भारतीय वाचकासाठी या चर्चेला आणखी एक पदर आहे, आणि तो पुण्यात उलगडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा निर्देशांक, अगदी सारखा होता : २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरातील २१.२ टक्के भरले. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरावरून हा ‘वाय-वाय विरोधाभास’ म्हणून ओळखला जातो. दिसायला सडपातळ, पण आत मेद अधिक आणि स्नायू कमी, ही भारतीय शरीराची प्रवृत्ती त्यातून ठसठशीतपणे समोर आली.

भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानावे आणि पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटर, स्त्रियांचा ८० सेंटीमीटर यांच्या आत असावा, अशी मर्यादा तज्ज्ञांनी सुचवली आहे, ती याच कारणास्तव. ज्याच्याजवळ स्नायूंची पुंजी मुळातच बेताची, त्याने ती क्रॅश डाएटमध्ये खर्चून टाकावी आणि परत येताना मेद घेऊन यावे, हा उलटा व्यवहार भारतीय माणसाला अधिकच महाग पडतो. काटा तोच आकडा दाखवील. आतला माणूस मात्र अधिक स्थूल झालेला असेल.

दिलाशाची गोष्टही भारतातूनच आली. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आहारातील माफक बदल आणि नियमित चालणे यांमुळे मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. विशेष म्हणजे त्यांच्या वजनात म्हणण्याजोगी घट झालीच नव्हती. काटा हलला नाही तरी कष्ट वाया गेले असे नव्हे, हा धडा बैठे काम करणाऱ्या प्रत्येकाने जपून ठेवावा.

टिकवणारे काय करतात?

वजन उतरवून ते टिकवणारी माणसे अर्थातच आहेत. अमेरिकेत रेना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये अशा व्यक्तींची एक नोंदवही सुरू केली. किमान १३.६ किलो वजन उतरवून ते किमान एक वर्ष टिकवलेल्या व्यक्तीलाच तीत प्रवेश मिळतो. नोंदणी केलेल्यांची संख्या पुढे दहा हजारांवर गेली. हे स्वतःहून पुढे आलेले यशस्वी लोक आहेत, ही मर्यादा लक्षात घेऊनही त्यांच्या सवयींतील साम्य उद्बोधक आहे. बहुतेकजण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात आणि त्यात चालण्याचे प्रमाण मोठे आहे. सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून किमान एकदा वजन करतात, म्हणजे दोन किलोंची वाढ दहा किलोंची होण्यापूर्वीच त्यांना कळते. बहुतेकजण रोज न्याहारी करतात. आठवड्यात दहा तासांपेक्षा कमी वेळ दूरचित्रवाणी पाहणारे सुमारे ६२ टक्के आहेत. या यादीत चमत्कार कोठेही नाही; सातत्य मात्र सर्वत्र आहे.

आपल्या देशात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आपल्या आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वांत आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि वजन कमी करण्याचा आहारही दिवसाला १,००० उष्मांकांहून कमी नसावा असे सांगितले आहे. अर्ध्या किलोसाठी रोजची तूट लागते सुमारे ५५० उष्मांकांची. ती पंगतीतून उठून न जाताही साधता येते. कचेरीत दिवसाकाठी पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर, हा हिशेब २०० उष्मांकांचा होतो. स्वयंपाकातील एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० उष्मांक. भरभर अर्धा तास चालण्यात सव्वाशेच्या आसपास उष्मांक खर्च होतात. एवढ्यानेच साडेचारशेची मजल गाठली जाते, आणि दुपारच्या फरसाणाची मूठ वगळली की उरलेलेही साधते. मात्र वजन उतरेल तशी शरीराची गरजही घटते, त्यामुळे घट पुढे मंदावणार हे आधीच गृहीत धरावे. काटा एका जागी थांबला तर ते अपयश नव्हे, टिकवण्याच्या कामाचा तो प्रारंभ असतो.

त्याखेरीज तीन गोष्टी स्नायूंच्या रक्षणासाठी आवश्यक आहेत. प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दूध-दही, अंडी वा मासे यांपैकी काही प्रथिनयुक्त पदार्थ असावा. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर-बैठकांसारखा वा वजन उचलण्याचा, झेपेल तेवढा व्यायाम असावा. आणि झोप पुरेशी असावी, कारण अपुरी झोप भूक वाढवते. घरातील एकाचाच वेगळा स्वयंपाक फार काळ चालत नाही. बदल सर्वांच्या ताटात झाला तरच तो वर्षानुवर्षे टिकतो.

कोणी विशेष सावध राहावे?

काही व्यक्तींच्या बाबतीत क्रॅश डाएट निष्फळच नव्हे, धोकादायकही ठरतो. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्याने परस्पर जेवण तोडले, तर रक्तातील साखर एकाएकी खाली जाऊन जिवावर बेतू शकते. रक्तदाबाच्या औषधांची मात्राही अशा वेळी बदलावी लागते. वजन वेगाने उतरल्यास पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. गर्भवती आणि स्तनदा माता, वाढत्या वयाची मुले, मूत्रपिंडाचे वा हृदयाचे विकार असलेले रुग्ण आणि ज्येष्ठ नागरिक यांनी असा प्रयोग मुळीच करू नये. ज्यांना वैद्यकीय कारणास्तव त्वरित वजन उतरवणे भाग आहे, त्यांच्यासाठी ‘डायरेक्ट’सारखे मार्ग आहेत, परंतु ते डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या देखरेखीखाली, पुढील काही वर्षांची योजना हाती घेऊनच चोखाळायचे असतात.

बँकेच्या खिडकीवर रोज एक साधे सत्य दिसते. एकरकमी हाती आलेला पैसा चार महिन्यांत कोठे गेला हे अनेकांना सांगता येत नाही, आणि दरमहा पाचशे रुपयांची आवर्ती ठेव भरणारा मात्र मुदतीअखेर समाधानाने पासबुक मिटतो. शरीराचे खातेही याहून फार निराळे नाही. पुढच्या वेळी पंधरा दिवसांचा संकल्प मनात आला, तर आपण स्वतःला एवढेच विचारावे : ‘सोळाव्या दिवशी मी काय खाणार आहे, आणि पुढच्या वर्षी याच दिवशी काय खात असेन?’ या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तर तो संकल्प करण्याजोगा आहे. नसेल, तर आज संध्याकाळी जेवणानंतर घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन अर्धा तास फिरून यावे आणि उद्याही यावे. काट्याला ते कळायला वेळ लागेल. शरीराला लगेच कळू लागेल.